सायकलचे चाक जाळीत अडकले, तर दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न : मी सांगलीत राहते आणि मिरजेतील एका शाळेत शिकवते. सात वर्षे रोज सायकलनेच जाते-येते. ८ जुलैला सकाळी रस्त्याकडेच्या गटारावरील लोखंडी जाळीत पुढचे चाक अडकून मी पडले. जाळीचे गज रस्त्याच्या लांबीला समांतर बसवलेले आहेत आणि त्यांतला एक तुटलेला आहे. कॉलरबोन मोडली, शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या वाहनाची धडक नाही म्हणून पोलिसांनी तक्रार घेतली नाही. एका कार्यालयाने रस्ता दुसऱ्याचा आहे असे सांगितले, दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवले, वर हेल्मेट का नव्हते, असेही विचारले. आमच्या सायकल गटाने अशा जाळ्यांभोवती पिवळा रंग मारला, तर गुन्हा दाखल करण्याची तंबी मिळाली. आता काय करावे?

उत्तर : आपले पत्र २० ऑगस्टचे आहे, म्हणजे अपघाताला सहा आठवडे होऊन गेले आहेत, म्हणून आधी मुदतीविषयी लिहितो. रस्ता महानगरपालिकेच्या ताब्यातील असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे लेखी नोटीस देऊन एक महिना गेल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. आपल्या बाबतीत ही मुदत ८ जानेवारीला संपते. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळावा असा युक्तिवाद करता येतो, पण हातात वेळ असताना त्यावर विसंबण्यात शहाणपण नाही. नोटीस याच महिन्यात द्या. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली शासनाला दोन महिन्यांची नोटीस लागते. मालकीचा घोळ मिटेपर्यंत थांबू नका. दोन्ही नोटिसा एकाच दिवशी पाठवा आणि पोच जपून ठेवा.

मालकी ठरवण्यासाठी दोन्ही कार्यालयांत माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. ८ जुलै रोजी हा रस्ता कोणाच्या ताब्यात होता, गटाराचे काम कोणत्या कार्यादेशाने झाले, ठेकेदार कोण आणि त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपला आहे का, एवढेच विचारा. ‘सायकलस्वारांसाठी काय केले’ असा मोघम प्रश्न टाकलात, तर उत्तरही मोघमच येईल.

नुकसानभरपाईचा दुसरा आणि तुलनेने जलद मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खुला केला आहे. खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि दुखापतीच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा तो आदेश आहे. महानगरपालिका क्षेत्रात ही रक्कम आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ठरवते. आपल्या प्रकरणातील खरी अडचण इथे आहे, आणि ती आधीच सांगितलेली बरी. गटारावरची जाळी हा काही खड्डा नव्हे आणि जाळी बसवलेली असल्यामुळे मॅनहोल उघडे होते असेही म्हणता येणार नाही, असे उत्तर समितीपुढे येऊ शकते. त्यामुळे समितीकडच्या अर्जात ‘सदोष जाळी’ एवढेच लिहून थांबू नका. तुटलेल्या गजामुळे तेथे सायकलचे चाक आत जाईल एवढी फट तयार झाली होती आणि तेवढ्या भागात ते गटार उघडेच होते, हे मोजमापासह लिहा. फटीवर फूटपट्टी आडवी ठेवून छायाचित्र काढा. दुसरे छायाचित्र थोडे दूरून, गजांची दिशा आणि वाहतुकीची दिशा एकत्र दिसेल असे काढा. दोन साक्षीदारांसमोर जागेचा पंचनामा करून घ्या, कारण तक्रार पोहोचताच जाळी रातोरात बदलली जाते, हा माझा वकिलीतला अनुभव आहे. समितीने अर्ज फेटाळला, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जाता येईल. ऑगस्ट २०२५ पासून सांगली जिल्ह्याची प्रकरणे तेथे चालतात.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग मात्र आपल्याला खुला नाही. तेथे मोटार वाहनाच्या वापरातून अपघात घडलेला असावा लागतो आणि सायकल हे मोटार वाहन नाही. दुसरे वाहन नव्हते हे कारण तिथे लागू पडते, पोलीस ठाण्यात नाही. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजी कृत्याने ती झाल्यास कलम १२५ लागू शकते. जाळी दुरुस्त न करणे हे ‘कृत्य’ ठरते का, यावर वाद होईल, म्हणून शिक्षेची फार आशा मी दाखवणार नाही. तरीही अपघाताची नोंद पोलीस दप्तरी असणे दिवाणी दाव्याला उपयोगी पडते. ठाण्यात तक्रार घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा.

हेल्मेटच्या प्रश्नाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. मोटार वाहन अधिनियमातील कलम १२९ ची सक्ती दुचाकी मोटार वाहनांवरील व्यक्तींसाठी आहे. शिवाय मोडली ती कॉलरबोन; डोक्यावर हेल्मेट असते तर ती वाचली असती, असे म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावे लागेल. आपली काही चूक दिसलीच, तरी तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते, दावा बुडत नाही.

रंगाविषयी माझे मत आपल्या गटाला कदाचित रुचणार नाही. मालमत्तेच्या विरूपणाला, म्हणजे ती विद्रूप करण्याला, प्रतिबंध करणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि हेतू चांगला असला तरी विनापरवाना रंगकामाने आपण समोरच्याच्या हाती आयते कोलीत देता. ते पुन्हा करू नका. त्याऐवजी धोकादायक जाळ्यांची जागा आणि छायाचित्रांसह यादी करून प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे मिरज उपविभागाकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज द्या. सार्वजनिक ठिकाणचा उपद्रव दूर करण्याचा आदेश ते देऊ शकतात. याच तरतुदीच्या जुन्या रूपाखाली रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पैसे नसल्याची नगरपालिकेची सबब अमान्य केली होती. ‘शहरभर सायकल मार्ग करा’ अशी मागणी या अर्जात घालू नका. तो धोरणाचा विषय आहे, त्यात न्यायालये सहसा हात घालत नाहीत आणि त्या एका मागणीपायी साधी जाळी आडवी बसवण्याचे कामही लांबते. सायकल मार्गासाठी अंदाजपत्रक ठरण्याआधी इंडियन रोड्स काँग्रेसच्या ११ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेचा आधार घेऊन स्वतंत्र निवेदन द्या.

वकिलाच्या खर्चाचे आपण लिहिलेले नाही, तरी सांगतो : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जाताना एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिले आणि शाळेतील रजेचा दाखला सोबत न्या. सायकल दुरुस्तीला टाकली असेल, तर दुकानदाराला आजच फोन करून वाकलेला फोर्क आणि रिम आहे तशी ठेवायला सांगा.