नवी पोर्श ९११ आणि घरात दोन लहान मुलं

नवी पोर्श ९११ घेतलीत, अभिनंदन! रोजच्या घरच्या वापरासाठी ही स्पोर्ट्स कार चांगली निवड आहे, कारण मागे दोन छोट्या सीट मिळतात. पाच-सहा वर्षांची मुलं आरामात बसतात; मोठ्यांना तिथे बसवू नका. मुलांची कार सीट घेण्याआधी शोरूममध्ये प्रत्यक्ष लावून बघा, अनेक सीट मापात बसत नाहीत. पुढची डिकी साधारण 130 लिटरची, म्हणजे बाबागाडी मोजूनच घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष गाडीच्या पोटाकडे द्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या उतारावर माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरची खालची कड घासली. 'कर्रर्र' आवाज अजून कानात आहे. म्हणून:

- गाडीचं पुढचं नाक सुमारे 40 मिमी उचलणारी सोय मिळत असेल तर घ्याच. नसेल तर उंच स्पीड ब्रेकर तिरके, अगदी सावकाश ओलांडा.
- स्टेपनी नसते, फक्त पंक्चर बुजवणारं सीलंट आणि हवा भरायचा कंप्रेसर. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा.
- पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी घालू नका. विम्यात इंजिन संरक्षण आवर्जून घ्या.

नवे लोक हमखास एक चूक करतात: शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाताना थंड इंजिनवर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. इंजिन थंड ठेवणारं पाणी (कूलंट) लवकर तापतं, ऑइल उशिरा. ऑइलचा काटा 80 अंशांवर येईपर्यंत संयम ठेवा.

रेस ट्रॅकवर पळवणं, सस्पेन्शन किंवा एक्झॉस्ट बदलणं वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाका. पहिले तीन महिने फक्त चालवा, मुलांनाही भरपूर फिरवा.