आधी काहील घास, मग ठरव

पोरी,

तुझा लांबलचक निरोप सकाळी वाचला. रात्री दोन वाजता लिहिलेला दिसतोय. त्या वेळेला माणसानं उकळत्या रसाच्या आदणावर लक्ष ठेवावं, नाहीतर झोपावं. गुऱ्हाळ ठेवू की विकू, हे त्या वेळेला ठरवू नये.

तू लिहिलंस त्यातलं मला दिसलं ते एवढं: चरक थांबलाय, काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या कढईच्या, बुडाला खरपूड तशीच आहे, रस साठवायच्या मांदणात रस आंबलाय, गूळ उतरवणारा गुळव्या हिशेब न होताच गावी गेलाय, शेवटच्या तुकड्यातला ऊस उभा आहे आणि बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या पिशवीत कोंबलेल्या आहेत. आणि एवढ्या पसाऱ्यात उभी राहून तू विचारतेस, "काका, पुढच्या वर्षी काय करू?" अगं, हे वर्ष अजून संपलंय कुठं? आधी हंगाम मिटव. मग विचार.

तुझ्या वडिलांनी अंथरूण धरल्यावर पुण्याची नोकरी सोडून तू आलीस, त्याचं कौतुक मी करणार नाही. ते गावभर झालंय, आणि त्यानं काहिलीखालचं चुलवाण पेटत नाही. मी कामाचं बोलतो.

पहिलं, तो उभा ऊस. एप्रिलचं ऊन लागल्यावर पक्व ऊस वाळत जातो, आतली साखर मोडते आणि तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. असल्या रसाचं कितीही आटवलं तरी रवा, म्हणजे दाणा, नीट धरत नाही, गूळ चिकट राहतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याला पाझर फुटतो. तू म्हणतेस, "उभा आहे तर गाळून टाकू." असला गूळ बाजारात गेला की वर्षभराच्या चांगल्या मालाचं नाव घालवतो. बेण्याला कुणी घेत असेल तर बघ, नाहीतर काकवी, म्हणजे पातळ गूळ, कर. गूळ उतरवायला ११८ अंशांच्या आसपास जावं लागतं, काकवी १०५-१०६ अंशांलाच उतरते. चिमूटभर सायट्रिक ॲसिड घाल म्हणजे खाली साखर धरत नाही. आठ-दहा दिवस निवळू दे, वरची नितळ तेवढी बाटल्यांत भर. आणि तोडलास की त्याच दिवशी गाळ. पाहुणे येणार म्हणून मोळ्या अंगणात पडून राहिल्या, असलं मला सांगू नकोस.

गुळव्या नाही म्हणून घाबरू नकोस. काकवीला थर्मामीटर पुरतो. गुळाला मात्र तो माणूस लागतो. तू बघितलं असशील, तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, दोन बोटांत वळून गोळी करतो आणि पत्र्यावर मारतो. टण्ण आवाज आला की ओरडतो आणि चौघं काहील उचलतात. अर्धा मिनिट उशीर झाला तर आख्खं आदण करपतं. तो निर्णय त्याच्या कानात आहे, तुझ्या फोनमध्ये नाही. आणि असल्या माणसाला तू हिशेब न करता जाऊ दिलंस.

हे माझ्या मनाला लागलं. त्यानं उचल जास्त घेतलीय, खाडे केलेत, रागात दोन शब्द बोलला, सगळं मान्य. तरी वही काढ, उचल वळती कर, खाडे वजा कर आणि उरतील ते पैसे पाठव. त्याच्याकडेच निघत असतील तर तेही लिहून पाठव, मागू नकोस. जळव्याचं तसंच. दिवसभर चुलवाणापुढं बसून चिपाडं ढकलणाऱ्या माणसाचे पैसे दिवाळीच्या पाडव्यापर्यंत अडकवून ठेवायचे, ही आपल्याकडची रीत मला कधीच पटली नाही. पुढच्या हंगामाला माणूस मिळत नाही म्हणून रडणारे सगळे मालक एप्रिलमध्ये असेच वागलेले असतात. हंगाम मिटव म्हणजे नुसती भांडी घासून ठेव असं नव्हे. माणसांचंही मिटव.

आता भांडी. चरकाच्या लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, गरम पाण्यानं धू, दात्यांत अडकलेला चोथा काढ, कोरड्या कर, मग ग्रीस. रस आंबला की आम्ल होतं आणि ते लोखंड खातं. दिवाळीला मोटार लावशील तेव्हा लाटांवर खड्डे दिसतील आणि तू मोटारीला शिव्या देशील. मांदण चुन्याच्या पाण्यानं धुऊन काढ. आत्ता तिथं गांधीलमाश्या घोंगावत असतील, म्हणून हे काम पहाटे. काहिलीची खरपूड खरवडू नकोस, पत्रा ओरबाडेल. पाणी भरून रात्रभर ठेव, सकाळी काथ्या आणि राख घेऊन बस. घासून झाली की वाळव, तेलाचा हात फिरव आणि पालथी घाल. चुलवाणाची राख शेतात टाक. आतली विटांची पडझड आत्ताच बघून घे, चुलवाण थंड आहे तोवर. सुकी चिपाडं वळवाच्या आत झाकली पाहिजेत, आणि विजेच्या तारेखाली गंज नको. हे तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण माहीत असून तू केलेलं नाहीस.

रागावलो. असू दे. तुझ्या वयाचा असताना मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

तू आणखी एक विचारलंस, ते मला टाळायचं होतं. "तुम्ही का बंद केलंत?" गावात त्याचं उत्तर तयार आहे की काकांना रंग जमला नाही. खरं आहे, माझा गूळ तांबूसच राहिला. भेंडीचा चिकट रस घालायचा, मळी वर आली की झाऱ्यानं काढायची, बेतानं चुना टाकायचा, एवढ्यावर जो रंग येईल तो माझा. सौद्यात व्यापारी ढेपेला नख लावायचा, तोंड वाकडं करायचा आणि शेजारच्या पिवळ्याजर्द मालाला चढा दर द्यायचा. तो पिवळा रंग हायड्रॉसचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा, हे त्यालाही ठाऊक होतं. महिन्या-दोन महिन्यांत तो गूळ परत काळवंडतो, हेही ठाऊक होतं. माझ्या भावाचं म्हणणं होतं, सगळे घालतात, आपणही चिमूटभर घालू. मी नाही म्हटलं. मग त्यानं वाटणी मागितली. आज लोक सेंद्रिय म्हणून तोच काळा-तांबूस गूळ दुप्पट पैशांनी शोधतात. मी बरोबरच होतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय त्या पावडरीच्या रंगाला मिळालं? शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्याच व्यापारासाठी. तेव्हा कुणाकडं हायड्रॉस होतं?

भावाशी मात्र बोलणं राहिलं ते राहिलंच. त्याच्या वाटणीच्या वर्षाच्या पट्ट्या अजून माझ्या कपाटात आहेत. त्याचे काही पैसे माझ्याकडं निघतात, माझे काही त्याच्याकडं. आधी त्यानं यायला हवं होतं, असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय, आजही म्हणतो. पण तुझा गुळव्या असा तोंड फिरवून गेलाय म्हटल्यावर मला झोप लागली नाही, एवढं सांगतो. पुढचं तू समज.

गुऱ्हाळ बंद केलं त्याचं मला काही वाटत नाही. बंद करायच्या आधी मी काहील घासली, सगळ्यांचे पैसे चुकवले, वही ओढली आणि मग ठरवलं. विकत घेणाऱ्यानं काहील उन्हात धरून बघितली आणि एक रुपया कमी केला नाही. हरून बंद करणं वेगळं आणि मिटवून बंद करणं वेगळं. तू ठेवलंस तरी मला आनंद, विकलंस तरी चालेल. खरपूड लागलेली काहील भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलीस तर मात्र माझ्या दारात येऊ नकोस.

आता वही. इथं बहुतेकजण स्वतःला फसवतात. घरचा ऊस फुकट धरतात आणि म्हणतात, गुऱ्हाळ परवडलं. तो ऊस कारखान्याला गेला असता तर? २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेला उसाचा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३४०० रुपये होता. तू गाळलेल्या वर्षाचा जो दर असेल तो घे, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा कर, आणि घरचा प्रत्येक टन त्या भावानं खर्चात मांड. वडिलांच्या नावानं मजुरी मांडत नव्हतात, तुझी मांड. वीजबिल, डिझेल, चुना, तेल, फडकी, अडत, हमाली, सगळं. मग गूळ किती निघाला ते टनावारी बघ. टनाला सव्वाशे किलो पडले असतील तर गुळव्यानं सोनं केलंय. शंभराच्या खाली गेले असतील तर दोष उसात आहे, किंवा शिळ्या मोळ्यांत आहे, किंवा रस न पिळणाऱ्या सैल लाटांत. हे तीनही दुरुस्त होतात. उसाची जात बदलायची असेल तर गुळाला को ९२००५ बघ, कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन विचार, तिथली माणसं सांगतात. पण लागण ठरवायच्या आधी वही.

तू म्हणशील, काका एकच गोष्ट घोकतायत. घोकणारच. तुला निर्णय घ्यायचाय तो थकव्याच्या जोरावर. हंगामाच्या शेवटाला प्रत्येकाला गुऱ्हाळ विकावंसं वाटतं, मलाही दरवर्षी वाटायचं, आणि दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघाला की प्रत्येकाला नवं काढावंसं वाटतं. दोन्ही वेळी डोकं ठिकाणावर नसतं. मधल्या दिवसांत, स्वच्छ काहील पालथी असताना आणि वही पुढ्यात असताना जे ठरेल ते धर.

वडिलांना यातलं काय सांगायचं, असं विचारलंस. सगळं सांग. आकडे मोठ्यानं वाचून दाखव. बोलता येत नसलं तरी कळतं त्यांना, आणि आयुष्यभर गूळ केलेल्या माणसाला आपला शेवटचा उतारा कळायचा हक्क आहे.

या रविवारी येऊ नकोस, मी रिकामा नाही. पुढच्या रविवारी ये. पट्ट्या तारखेप्रमाणे लावून आण, गुळव्याला पाठवलेल्या पैशांची नोंद आण आणि काकवी झाली असेल तर एक बाटली. दर वर्षीसारखी प्लॅस्टिकच्या डब्यातून नको.

तुझा
काका