परदेशी तज्ज्ञाला नोकरीवर घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा वाहनांचे सुटे भाग तयार करणारा कारखाना आहे. डाय (भाग घडवण्याचे साचे) डिझाइनमधील एक जपानी तज्ज्ञ आम्हाला दोन वर्षांसाठी नोकरीवर हवे आहेत. ते सध्या पर्यटक व्हिसावर भारतात आलेले असून याच आठवड्यात रुजू व्हायला तयार आहेत. त्यांच्यासाठी वर्क परमिट कोणत्या कार्यालयातून काढावे? (एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आखाती देशांप्रमाणे मालकाने वेगळे काढायचे वर्क परमिट भारतात नाही, ते काम एम्प्लॉयमेंट व्हिसाच करतो, आणि तो तज्ज्ञाने स्वतः आपल्या देशातील भारतीय दूतावासामार्फत घ्यायचा असतो. पर्यटक व्हिसाचे भारतात राहून नोकरीच्या व्हिसात रूपांतर होत नाही. त्यामुळे त्यांना एकदा जपानला परत जावेच लागेल. तोपर्यंत 'नुसते बघायला' म्हणूनसुद्धा त्यांना मशीनवर उभे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला असून व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अशा गुन्ह्याला मदत करणाराही त्यातून सुटत नाही.

कागदपत्रांची जबाबदारी मात्र तुमचीच आहे. कंपनीची नोंदणी, नेमणूकपत्र, करार, आणि हे काम करणारा माणूस येथे सहज का मिळत नाही याचे स्पष्टीकरण तुम्हाला द्यावे लागते. साध्या कारकुनी किंवा नेहमीच्या कामासाठी, अथवा ज्या कामाला येथे पुरेसे पात्र उमेदवार आहेत अशा कामासाठी हा व्हिसा दिला जात नाही. म्हणून 'टेक्निकल मॅनेजर' असे मोघम पद लिहिण्यापेक्षा कोणत्या डायचे, कोणत्या प्रतीचे काम ते करणार आहेत, हे नेमकेपणाने लिहा.

घोटाळा होतो तो पगाराच्या आकड्यात. वार्षिक पगार १६ लाख २५ हजार रुपयांपेक्षा जास्त असला पाहिजे. रोख पगार व भत्ते त्यात धरले जातातच. फुकट घरासारखी सुविधाही धरता येते, पण आयकराच्या हिशोबात ती पगारात मोजली जात असेल तरच. समजा तुम्ही त्यांना रोख १४ लाख देता आणि गारखेड्यातील फ्लॅटचे भाडे कंपनी भरते. करारात फक्त 'निवासाची सोय कंपनीकडून' एवढेच लिहिले, तर अर्ज तपासणाऱ्याला समोर १४ लाखच दिसतील. रोख रक्कम आणि सुविधांचे मूल्य करारात वेगवेगळे लिहा, आणि त्या सर्वांवरील कर नियमाप्रमाणे भरू अशी हमीही द्या.

ते परत आल्यावर दोन नोंदी आहेत. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असल्यास आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. दुसरी नोंद घरमालकाची : भाडेकरू परदेशी असेल तर तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत ते सरकारकडे कळवायचे असते. हॉटेलांना हे अंगवळणी पडलेले आहे, पण फ्लॅटचे मालक 'भाडेकरार केला की झाले' असे समजून गाफील राहतात. तेव्हा किल्ली हातात घेतानाच तुमच्या माणसाने मालकाबरोबर बसून ती नोंद करून घेतलेली बरी. भविष्य निर्वाह निधीचेही पाहा : भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करारामुळे येथील निधी न भरण्याची सवलत, तिकडच्या मालकाने काही काळासाठी पाठवलेल्या माणसाकडे तेथील सामाजिक सुरक्षेचे प्रमाणपत्र असेल तर मिळते. तुम्ही थेट नोकरीवर घेत असाल तर ती धरून चालू नका.

प्रश्न : पुण्यातील एका कंपनीत एम्प्लॉयमेंट व्हिसावर असलेल्या कोरियन अभियंत्याला आमच्या जालन्याच्या स्टील कारखान्यात यायचे आहे. व्हिसाची दीड वर्षाची मुदत शिल्लक आहे. तोच व्हिसा चालेल का? (जालना)

उत्तर : नाही. हा व्हिसा त्या माणसाला त्या कंपनीतील नोकरीसाठी मिळालेला असतो. मुदत शिल्लक असली तरी नोकरी बदलली की त्याचा आधार संपतो. मूळ कंपनी व तिची उपकंपनी यांच्यातील बदलीसाठी परवानगीने सूट मिळू शकते, पण तुमचा तसा संबंध दिसत नाही. त्यांनी मायदेशी जाऊन तुमच्या नावाने नवा व्हिसा घ्यावा. तो मिळाला की त्यांच्या वर्तनाची आणि मुदत संपल्यावर परत जाण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, हे संचालकांनी आधीच समजून घ्यावे.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेला जर्मन शिकवण्यासाठी जर्मनीहून शिक्षिका आणायची आहे. सव्वासोळा लाख रुपये आम्ही कुठून द्यायचे? (लातूर)

उत्तर : तेवढे द्यावे लागणार नाहीत. इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक, तसेच अनुवादक आणि स्वतःच्या मायदेशाचे पारंपरिक पदार्थ करणारे परदेशी आचारी यांना पगाराच्या या मर्यादेतून सूट आहे. व्हिसा मात्र नोकरीचाच लागेल. याच शिक्षिकेकडून इंग्रजीचे तासही घ्यायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. सूट जर्मनसाठी आहे, आणि नेमणूकपत्रात तेच एक काम लिहा.

प्रश्न : नांदेडच्या आमच्या हॉटेलात दोन नेपाळी आचारी आहेत. त्यांचा व्हिसा कसा काढावा?

उत्तर : काढावा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळच्या नागरिकांना येथे राहून नोकरी करता येते. त्यांच्या नेपाळी ओळखपत्राची प्रत जपून ठेवा आणि किमान वेतन, साप्ताहिक सुटी, भविष्य निर्वाह निधी हे सगळे येथील कामगाराप्रमाणेच त्यांनाही द्या; नेपाळी आहेत म्हणून हजेरीपटाबाहेर ठेवलेले कामगार मी अनेक हॉटेलांत पाहिले आहेत, आणि तपासणीत मालकाची अडचण तेथूनच सुरू होते.