लोकप्रिय गाण्यांनी हुकूमशाही खरंच खिळखिळी होते का?

तुम्ही विचारलंय की गाण्यांनी राजवटी हलतात हा गायकांनी पसरवलेला समज आहे का, आणि बंदुकीपुढे गाणं काय करणार. हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी कित्येक वर्षं आमच्याच घरात ऐकतोय. चवथीला आम्ही सगळे फोंडा महालातल्या मूळ घरी जमतो. आरत्या आटोपल्या की माझा चुलतभाऊ (आम्ही त्याला भाई म्हणतो) सुरू होतो: "गोवा 36 तासांत लष्करानं सोडवला, काकांच्या पेटीनं नव्हे." काका म्हणजे माझे बाबा. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी पुरावा, आणि तोही आमच्यावर राज्य केलेल्या पोर्तुगीज राजवटीचाच. 24 एप्रिल 1974 च्या रात्री 10 वाजून 55 मिनिटांनी लिस्बनच्या रेडिओवर पावलू द कार्व्हाल्योचं एक प्रेमगीत लागलं. त्या वर्षी ते युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत गेलेलं होतं, त्यामुळे कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. सरकारविरुद्धच्या लष्करी बंडात सामील झालेल्या अधिकाऱ्यांसाठी मात्र तो तयारीचा इशारा होता. मध्यरात्रीनंतर 12 वाजून 20 मिनिटांनी चर्चच्या मालकीच्या रेडिओ रेनासेन्सावरून झेका आफोन्सोचं 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' वाजलं. हा दुसरा इशारा, म्हणजे आता माघार नाही. संध्याकाळपर्यंत 48 वर्षांची हुकूमशाही संपली होती. 1961 नंतरही गोवा आपलाच म्हणून अडून बसलेल्या पोर्तुगालनं त्याच वर्षी 31 डिसेंबरला करार करून गोव्याचं भारतातलं विलीनीकरण मान्य केलं.

हे गाणं दिसायला साधं आहे. आलेंतेजू प्रांतातल्या एका गावाचं कौतुक, बंधुभाव, आणि इथे हुकूम चालतो तो लोकांचा, एवढंच. चाल संथ, शेतमजूर घोळक्यानं म्हणतात तशी. जेमतेम महिनाभर आधी, 29 मार्चला, लिस्बनच्या कोलिझेऊ सभागृहात मोठा कार्यक्रम झाला. सेन्सॉरनं आफोन्सोची इतर काही गाणी अडवली, हे गाणं मात्र जाऊ दिलं. सगळं सभागृह उभं राहून गायलं. श्रोत्यांत त्या लष्करी अधिकाऱ्यांपैकीही काही जण होते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या देवळाचा सभामंडप आठवला. साल 1955. सभाबंदी होतीच, छापून येणाऱ्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर, लग्नाची पत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे. 15 ऑगस्टला पत्रादेवीला आणि सीमेवर इतर ठिकाणीही निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्यानंतर गावात कोणी कोणाशी मोकळं बोलत नव्हतं. कोण कोणाचं नाव सांगेल याचा भरवसा नव्हता.

कार्तिकी एकादशीचं भजन ठरलेलं. रेजिदोरनं, म्हणजे गावातल्या सरकारी अधिकाऱ्यानं, बाबांना बोलावून विचारलं, काय गाणार? बाबा म्हणाले, तुकोबा. यात हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं. मी सात-आठ वर्षांचा होतो, टाळकऱ्यांच्या मागे बसलो होतो. रूपाचे अभंग झाले, गौळण झाली, आणि मग बाबांनी पेटीवर स्वर बदलून रात्रंदिवस चालणाऱ्या युद्धाचा तो अभंग धरला. तुम्हाला माहीत असेलच, ते युद्ध साधकाचं आहे, जगाशी आणि स्वतःच्या मनाशी. पण त्या वर्षी त्या मंडपात ध्रुवपद ऐकणाऱ्या एकालाही साधकाची आठवण झाली नसेल. लोकांनी ते उचललं. खांबांमागून बायकांचा आवाज आला. बाबा पुढच्या चरणाला जाऊ बघत आणि लोक त्यांना ध्रुवपदावर परत आणत. टाळ थांबले तरी लोक थांबेनात. कडेला पाखले (गोरे पोर्तुगीज) शिपाई ताल धरून बसले होते, त्यांना तो देवाचा जपच वाटला.

अर्थ त्यांना सकाळी कोणीतरी सांगितला. बाबांना ठाण्यावर नेलं. कोणतं युद्ध, कोणाशी? बाबांनी गाथा पुढे ठेवली आणि म्हणाले, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहिलंय, त्यांनाच विचारा. दोन रात्री ठेवून घेतलं आणि पेटीचा भाता फाडून परत पाठवलं.

पुढे जे झालं ते भाई कधीच ऐकून घेत नाही. आठवड्याभरात गावातला दुकानदार रात्री मागच्या दारानं आमच्याकडे आला. त्याला सगळे सरकारचा माणूस समजत. पेटी दुरुस्त करा म्हणून त्यानं पैसे ठेवले. मग हळूच सांगितलं की त्याच्याकडे रेडिओ आहे आणि सीमेपलीकडून गोव्याच्या स्वातंत्र्याचं गुप्त केंद्र ऐकू येतं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेलं ते केंद्र त्याच नोव्हेंबरात सुरू झालं होतं आणि 1961 पर्यंत चाललं. त्यानंतर दुकानाच्या मागच्या खोलीत बातम्या ऐकायला माणसं जमू लागली. भजनाआधी ती एकमेकांकडे संशयानं बघत होती.

गाण्याचं काम हेच. दडपशाहीत प्रत्येकाला वाटत असतं की चिडलेला मी एकटाच. पत्रक एकट्यानं वाचतात, भाषण गप्प बसून ऐकतात, पण गाण्यात शेजारच्याचा आवाज कानावर पडतो आणि तो किती जोरात गातोय तेही कळतं. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियात 1988 साली टॅलिनच्या गायनमैदानावर लाखोंचा जमाव बंदी असलेली देशगीतं गात होता, तिथेही हेच घडलं. 1991 मध्ये तो देश स्वतंत्र झाला.

भाईला आणखी एक उत्तर आहे. पोर्तुगीजांच्याच ताब्यातली दादरा-नगर हवेली 1954 साली मुक्त झाली. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते, आणि शस्त्रांसाठी पैसा उभा राहावा म्हणून पुण्यात लता मंगेशकर गायल्या. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात अडकले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांतही फडके होते. गाणाऱ्यांनी काय केलं हे विचारण्याआधी एवढं तरी वाचावं.

आता मर्यादा. गोवा लष्करानंच मोकळा केला, हे मी कधीच नाकारलं नाही. पोर्तुगालमध्येही अंगोला, गिनी, मोझांबिकच्या युद्धांना विटलेले कॅप्टन नसते तर रेडिओवर काहीही वाजलं तरी हुकूमशहा सालाझारचा वारसदार कायतानो जागचा हलला नसता. सरकारंही गाणी वापरतात. सालाझारच्या काळात फादो संगीताचा प्रचारासाठी भरपूर उपयोग झाला. आणि चिलीत 1973 साली गायक व्हिक्टर हाराला पकडून मारून टाकलं, त्यानंतर लष्करशहा पिनोचेची सत्ता 1990 पर्यंत टिकली.

तुम्ही बँड चालवता आणि काय लिहू असं विचारलंय. नाव घेऊन शिव्या घालणारी गाणी लिहू नका; ती पहिल्या दिवशी बंद होतात आणि ती गातो तो एकटा गायकच. लोकांच्या तोंडी आधीपासून असलेलं काहीतरी घ्या. ध्रुवपद बेसूर माणसालाही म्हणता आलं पाहिजे. लोक एरवीही जिथे जमतात तिथे जाऊन गा, तिकीट लावून नव्हे. आणि गाणारा उचलला गेला तर त्याच्या घरी कोण जाणार, ते कार्यक्रमाआधी ठरवा. बाबा ठाण्यावर होते त्या दोन रात्री भीतीपोटी आमच्या आईकडे कोणीही फिरकलं नव्हतं.