ओहोटी बघून निघा

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. गेल्या खेपेला गोव्यातल्या चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात नुसतं पाणीच दिसलं. मुलांना कधी न्यावं?

उत्तर : तुम्ही भरतीला पोचला असाल. तेव्हा चिखल बुडतो आणि त्यातले किडे-खेकडे वेचणारे पक्षी पांगतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पण आधी पणजीच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघा. त्या रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी रायबंदरची फेरीबोट धरा. होडीतून आत शिरायचं तर मात्र पाणी चढलेलं हवं, नाहीतर होडी रुतते. कांदळवनाच्या मुळांपाशी निवटी नक्की दाखवा: मासा असून चिखलावर उड्या मारते, डोळे डोक्यावर टपोरे. आणि फेरीबोट ओलांडते ती मांडवी नदी म्हणजे आपल्याच तालुक्यातली म्हादई, हेही मुलांना सांगा.