लेक रात्री टेस्ट दुरुस्त करते, यात नोकरी आहे का?

प्रश्न : मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो. मुलगी नाशिकमध्येच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सहा महिने झाले, एका जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कची (वेबसाइट बनवायच्या तयार सांगाड्याची) बिल्ड टूल्स आणि ऑटोमेटेड टेस्ट सांभाळायचं काम फुकट करते. स्वतःची एकही वेबसाइट बनवलेली नाही. यात नोकरी आहे का? एका क्लासने टेस्टिंगच्या कोर्सचे साठ हजार सांगितलेत, भरू का?

उत्तर : साहेब, हे काम तुमच्याइतकं क्वचितच कुणाला कळेल. जिग (जॉब जागच्या जागी धरणारा साचा) हलली की शंभर जॉब रिजेक्ट जातात, आणि गो-नो-गो गेज (माप बसतं की नाही ते सांगणारं साधन) झिजलं असेल तर रिजेक्ट माल पास होतो. तुमची मुलगी सॉफ्टवेअरची जिग आणि गेज सांभाळते : कोड जोडून चालण्याजोगा करणारी बिल्ड टूल्स ही जिग, आणि तो बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या टेस्ट हे गेज.

आता नोकरीचं. फक्त फ्रेमवर्क सांभाळायचा पगार देणाऱ्या जागा जगभरातच मोजक्या. पण मोठा वेब प्रॉडक्ट असलेल्या कंपनीत बिल्ड आणि टेस्ट सांभाळायला माणूस लागतोच. ही पदं डेव्हलपर टूलिंग, फ्रंटएंड प्लॅटफॉर्म, ऑटोमेशन इंजिनिअर अशा नावांनी शोधावीत. नाशिकपेक्षा पुण्यात आणि घरून करायच्या कामांत ती जास्त सापडतील.

मुलाखतीत तिला हमखास विचारतील : टेस्ट तुझ्या लॅपटॉपवर पास आणि सर्व्हरवर फेल, काय करशील? एक नेहमीचं कारण घड्याळाचं. नाशिकमध्ये १ जानेवारी २०२५ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, जी सर्व्हरवर सहसा असते) ३१ डिसेंबर २०२४, संध्याकाळचे साडेसहा. टेस्टने स्थानिक वेळेवरून तारीख काढली, तर वर्षच बदलतं. तिने लॅपटॉपवर टाइमझोन यूटीसी ठेवून तीच टेस्ट चालवावी. फेल झाली की कारण हाती आलं. दुसरं कारण फाइलच्या नावाचं. लॅपटॉपवरच्या विंडोजला मोठं 'बी' आणि छोटं 'बी' सारखंच, सर्व्हरवरच्या लिनक्सला नाही. म्हणून इकडे इम्पोर्ट (एका फाइलने दुसरी ओढून घेणं) चालतो आणि तिकडे फाइल सापडत नाही.

कधी पास, कधी फेल अशी टेस्ट सगळ्यात घातक. तिथे सगळ्यांचा हात आधी 'रीट्राय तीन वेळा' किंवा दोन सेकंद थांबण्याकडे जातो. तिने ती सवय लावून घेऊ नये. स्क्रीनवर अमुक बटण दिसेपर्यंत थांब, असं टेस्टला सांगायचं. ठरावीक सेकंद मोजायचे नाहीत. टेस्ट एकटी पास होते आणि बाकीच्यांसोबत फेल, तर आधीच्या टेस्टने काहीतरी मागे सोडलंय. क्रम उलटापालटा करून चालवली की ते उघडं पडतं.

बिल्डमध्येही असंच. पॅकेज जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) 'साइड इफेक्ट्स नाहीत' असं लिहिलं, की बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) नुसती इम्पोर्ट केलेली सीएसएस (रंगरूपाची) फाइल बिनकामाची समजून टाकून देतो. डेव्हलपमेंटमध्ये पान नीट दिसतं, प्रॉडक्शनमध्ये रंगरूप गायब. सर्व्हरवर लागणारी पॅकेजेस बसवायला 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' वापरावं. ते लॉक फाइलमधल्याच (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीतल्याच) आवृत्त्या बसवतं, जुळल्या नाहीत तर तिथेच थांबतं. आणि 'गिट बायसेक्ट' तिच्या बोटांवर हवं : हजार कमिटमधून (कोडच्या नोंदवलेल्या बदलांतून) बिघाड घालणारी कमिट साधारण दहा फेऱ्यांत सापडते.

वेबसाइट नाही ही उणीव मात्र खरी आहे. त्याच फ्रेमवर्कवर एक छोटं, पण लोक वापरतील असं काहीतरी तिने बनवावं, बाजार समितीतले कांद्याचे भाव दाखवणारं पानही चालेल. रेझ्युमेत 'टेस्टिंग येतं' एवढंच न लिहिता स्वीकारल्या गेलेल्या तीन-चार पुल रिक्वेस्टच्या (तिने सुचवलेल्या बदलांच्या) लिंक द्याव्यात, प्रत्येकीखाली एक ओळ : काय बिघडलं होतं, का, आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोणती टेस्ट घातली.

साठ हजार भरू नका. ती जे काम करतेय ते त्या कोर्सच्या पुढचं आहे. त्याऐवजी तिच्या लॅपटॉपची रॅम बघा. टेस्ट चालवायचं टूल प्लेराइट क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट अशी तीन ब्राउझर चालवतो; आठ जीबीवर ती एकदम उघडली की मशीन गुदमरतं आणि चांगली टेस्टही टाइमआउटने फेल दिसते. वाढवता येत असेल तर सोळा जीबी करून द्या. तोपर्यंत तिने वर्कर (एका वेळी किती टेस्ट चालवायच्या तो आकडा) एकावर ठेवावा. वेळ लागेल, पण निकालावर भरवसा ठेवता येईल.