शेवटच्या पानापासून

सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, नाहीतर घरात धुसफूस चाललीय म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र घराचं कर्ज निघतं. "लवकर फेडायचं ठरवलं होतं, आता त्यात मनच लागत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अखेर लिहायला बसले. गोष्ट एका जोडप्याची आहे, ओळखीच्या खुणा बदलल्यात.

ते कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर, वय ४३. वहिनी घरी शिवणकाम करतात. कर्ज २५ लाखांचं, २० वर्षांचं, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता २१ हजार ६९६. दहा वर्षांत फेडून संपवायचं हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. त्यासाठी दरमहा ९ हजार ३०० जादा भरायचे, हेही डायरीत लिहिलेलं. तीन वर्षं झाली, जादा रुपया एकदाही गेला नव्हता.

"बँकेचा उतारा बघितला आणि डोकंच फिरलं, मॅडम. सात लाख एक्क्याऐंशी हजार भरले. मुद्दल हललं किती? एक लाख त्रेसष्ट हजार! आता भिशीचे पन्नास हजार आलेत. ते टाकून काय हुणार? दर्यात खसखस."

यात कुणी फसवलेलं नाही. सुरुवातीला बाकी मोठी असते, म्हणून व्याज मोठं. त्यांच्या पहिल्या हप्त्यातले जेमतेम चार हजार मुद्दलाकडे गेले होते. पण हे समजावून कुणाला उभारी येत नाही. मीही पहिल्या भेटीत ठरलेलाच सल्ला दिला होता: तक्ता करा, भिंतीवर लावा, चौकोन रंगवा. लेकीनं दोन चौकोन रंगवले आणि तक्ता कपाटाआड गेला. चूक माझी होती. ते कुठे अडलेत हे न विचारताच मी औषध दिलं होतं.

पुढच्या भेटीत विचारलं, "जादा पैसे का नाही गेले?"

"एका महिन्यात पोरीची फी, दुसऱ्यात गावची जत्रा. नऊ हजार तीनशे पुरे जमंनात. मग म्हटलं, पुढच्या महिन्यापासून नीट सुरू करू."

"तीन हजार जमत होते?"

"जमत होते की. पण तीन हजारानं दहा वर्षांत कुठं फिटतंय?"

माझी शिकवण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या परंपरेतली. माणसाला खचवतात ते त्याचे स्वतःचे 'असंच व्हायला हवं' हे हट्ट, असं ते म्हणत. त्यामुळे माणूस बोलताना माझा कान 'च'वर असतो. दहा वर्षांतच, नऊ हजार तीनशेच. हा माणूस आळशी मुळीच नव्हता. पुरं जमत नाही म्हणून थोडंही करायचं नाही, असा त्याचा स्वतःशीच करार होता.

"दहा हा आकडा आला कुठून?" मी विचारलं.

ते गप्प. वहिनीच हळूच म्हणाल्या, "माझ्या भावानं दहा वर्षांत फेडलं. पिंपरीत असतो तो."

ते आधी चिडले, मग हसायला लागले. त्या हसण्यावर मी जरा वेळ काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, हे मला वीस वर्षांत जमलेलं एक काम.

मग म्हटलं, "भावाचं राहू दे. तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते?"

"अठ्ठावन्नला रिटायर होणार. हप्ते साठपर्यंत. पेन्शन नाही."

खरी गोष्ट ही होती. आम्ही परतफेडीचं वेळापत्रक काढलं. त्यात दर महिन्याच्या हप्त्याची एक ओळ आणि तिच्यापुढे उरलेली बाकी असते. एकदम शेवटच्या पानावर गेलो. निवृत्तीनंतरच्या चोवीस ओळींभोवती त्यांनी पेन्सिलनं चौकट काढली. ते हप्ते म्हणजे ५ लाख २० हजार रुपये. मग आजच्या ओळीवर आलो: बाकी सुमारे २३ लाख ३७ हजार. तिथून बरोबर चोवीस ओळी खाली: २२ लाख ३ हजार. आजच त्या ओळीवर उडी मारली आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज चोवीस महिने आधी संपतं, म्हणजे चौकटीतल्या ओळीच गळतात. त्या उडीला लागतात १ लाख ३४ हजार.

त्यांनी वजाबाकी दोनदा केली. तिसऱ्यांदा वहिनींनी केली.

"म्हणजे भिशीचे पन्नास हजार..." म्हणत त्यांनी खालून ओळी खोडायला सुरुवात केली. नऊ ओळी गेल्या. "ही माझी साठीतली नऊ महिन्यांची झोप," असं म्हणून त्यांनी पेन्सिल ठेवली. बाकीची रक्कम वरून मोजली की डोंगर दिसतो, आणि उमेद खचते ती तिथेच. तेव्हापासून मी सगळ्यांनाच शेवटचं पान आणायला सांगते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही, याचं थोडं अप्रूप आहे.

मात्र घाईनं सगळी पुंजी कर्जात ओतू नका. तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी हवा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. क्रेडिट कार्डाची किंवा वैयक्तिक कर्जाची बाकी असेल तर ती आधी, कारण तिथलं व्याज जास्त. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि पैसे भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्या. या गृहस्थांच्या बँकेनं आधी हप्ताच कमी करून टाकला होता. पुन्हा जाऊन ते दुरुस्त करून आले.

जूनमध्ये फी भरून झाल्यावर त्यांचा फोन आला. पैशांची ओढाताण होती. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तीन हजार भरले, मॅडम." मागून शिवणयंत्राचा आवाज येत होता.